आप्पांचं डोकं चित्रात उतरवायचं म्हणजे

प्रश्न: दादा नमस्कार. शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री आहे, ग्रे आयर्नचं कास्टिंग, म्हणजे बिडाचं ओतकाम करतो. आमच्याकडं एक आप्पा आहेत, ३५ वर्षं मोल्डिंगवर, म्हणजे वाळूचे साचे करण्यात काढलीत, रिजेक्ट पीस नुसता हातात घेतला की सांगतात वाळूत पाणी जास्त झालंय का मेटल गार ओतलंय. येत्या दिवाळीनंतर घरी बसणार म्हणतात आणि मला टेन्शन आलंय. मित्र म्हणाला असं सॉफ्टवेअर मिळतं की ज्यात नुसती बॉक्स-बाणांची डायग्राम काढायची आणि त्यातनं प्रश्न विचारून सल्ला देणारी सिस्टीम तयार होते, कोडिंग येत नसलं तरी चालतं. खरं आहे का? कुठलं घेऊ?
— शिरोलीचा एक वाचक

उत्तर: भावा, खरं आहे, मित्रानं थाप मारलेली नाही. लंडनच्या लॉजिक प्रोग्रॅमिंग असोसिएट्स कंपनीचं व्हिझीरूल नावाचं सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. तू पडद्यावर फ्लोचार्ट काढायचा, एक सुरुवातीचा बॉक्स, मग प्रश्नाचे बॉक्स, प्रत्येक उत्तराला एक बाण आणि शेवटी सल्ल्याचा बॉक्स. त्या चित्रावरनं ते मागच्या मागं फ्लेक्स आणि प्रोलॉग या कॉम्प्युटरच्या भाषांत नियम लिहितं, तुला त्यातलं अक्षरही बघायला लागत नाही. प्रोलॉग तशी जुनी, १९७२ ची फ्रान्समधली, पण असल्या कामाला अजून खणखणीत चालते.

तुझंच उदाहरण घेऊ. पिसाला भोक पडलंय. पहिला बॉक्स: भोकाची आतली भिंत कशी आहे? गुळगुळीत, चकचकीत असली तर गॅस अडकलाय, म्हणजे ब्लोहोल, मग पुढचा प्रश्न, भोक कोअरच्या (पिसात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवतात तो वाळूचा गाभा) बाजूला आहे का? असलं तर कोअर नीट वाळलाय का बघा, नसलं तर वाळूचं मॉइश्चर आणि व्हेंट, म्हणजे गॅस बाहेर जायची भोकं बघा. आणि भिंत खरबरीत, दातेरी असली तर तो गॅस न्हवंच, श्रिंकेज आहे, मेटल थिजताना आकसलं आणि रायझरकडनं, म्हणजे साच्यावरच्या जादा मेटलच्या साठ्याकडनं माल पोचला नाही. झालं की, चार-पाच बॉक्समध्ये आप्पांचं पाव टक्का डोकं कागदावर आलं.

आता त्या पाव टक्क्याचं काय ते सांगतो, कारण खरी गोची तिथंच आहे. स्टॅनफर्डला १९७० च्या दशकात मायसिन नावाची सिस्टीम केलेली, रक्तात कुठला जंतू गेलाय आणि कुठलं अँटिबायोटिक द्यायचं ते डॉक्टरला सांगायची, साधारण ६०० नियम होते तिच्यात. चाचणीत चांगली उतरली पण दवाखान्यात रोजच्या वापरात कधी आलीच नाही. त्याच स्टॅनफर्डचे एडवर्ड फायगेनबॉम म्हणायचे की या धंद्यात अडतं ते मशीनपाशी नाही, जाणकाराच्या डोक्यातलं ज्ञान बाहेर काढण्यापाशी. आप्पांना जाऊन विचार, तुम्ही कसं ओळखता? ते म्हणणार, अरे बघितलं की कळतंय की. संपला इंटरव्ह्यू.

मी स्वतः ही चूक केलीय. एका कारखान्यासाठी रविवारी घरी बसून एकट्यानं ७० बॉक्सचा चार्ट काढला, मोठी प्रिंट मारून भिंतीवर लावला, आणि महिन्याभरात त्याच्यावर डबे-पिशव्या अडकवायचे खिळे ठोकले गेले. कुणी बघितला नाही, कारण त्यात कामगारांची भाषा नव्हती आणि मिस्त्रीनं तो आधी एकदाही तपासला नव्हता.

म्हणून सॉफ्टवेअर राहू दे बाजूला, आधी असं कर. गेल्या दोन-तीन महिन्यांतले २५ रिजेक्ट पीस टेबलावर मांड, चहा माग आणि आप्पांना म्हण, यांचे ढीग लावा. ढीग लावून झाले की प्रत्येक ढिगातला एक पीस उचलून विचार, हा त्या ढिगात का न्हाई टाकला? ह्या प्रश्नाला माणूस बोलतोच. त्यांच्या तोंडून जे शब्द येतील तेच बॉक्समध्ये लिही, "वाळू मऊ हाय" म्हणाले तर "वाळू मऊ हाय" असंच. मग मुठीचा विषय काढ. आप्पा वाळू मुठीत दाबतात, गोळा मोडतात आणि कडा कशी तुटली ते बघतात, बरोबर? ते त्यांच्या हातात आहे, ते चित्रात येणार नाही. पण त्याच वेळी मॉइश्चर मीटरवर रीडिंग घे आणि दोन्ही शेजारी-शेजारी लिही. ग्रीन सँडला, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूला साधारण ३ ते ४ टक्के पाणी धरतात, पण आप्पांची "बरोबर" तुझ्या वाळूत, तुझ्या बेंटोनाइटला (वाळू धरून ठेवणारी माती) नेमकी कितीला येते ते तुला असंच कळणार.

एक अडचण येईलच. फ्लोचार्ट तोवरच सोपा जोवर प्रश्न एकामागं एक येतात. मॉइश्चर, ओतायचं तापमान, पिसाची जाडी हे तिन्ही एकदम बघायचं म्हटलं की बाणांचा नुसता गुंता होतो. तिथं तक्ता बरा, प्रत्येक ओळीत परिस्थिती आणि शेवटच्या रकान्यात निर्णय. याला डीएमएन नावाचं स्टँडर्ड आहे, २०१५ ला आलं, आणि कॅमुंडा मॉडेलर हे फुकट सॉफ्टवेअर घेऊन असले तक्ते काढता येतात. एक्सेल येत असलं तर दोन दिवसांत हात बसतो.

आणि काहीही घेतलंस तरी "का?" विचारायची सोय त्यात आहे का ते आधी बघ. मायसिनला डॉक्टर विचारू शकायचा, हा प्रश्न मला का विचारतोयस, आणि ती नियम दाखवायची. नवा पोरगा नुसता "वाळूत पाणी कमी करा" वाचून ऐकणार नाही, कारण दिसलं तर करेल.

पहिली आवृत्ती वहीत काढ, मग ड्रॉ डॉट आयओवर फुकटात, आणि आप्पा आहेत तोवर दर शनिवारी नव्या रिजेक्ट पिसावर चालवून बघ. चार्टचं उत्तर एक आणि आप्पांचं दुसरं आलं की भांडायचं नाही, तिथंच बॉक्स वाढवायचा. पैसे टाकून सॉफ्टवेअर घ्यायचं ते त्यानंतर.

प्रश्न: मी ॲग्रीची विद्यार्थिनी, प्रोजेक्टला आमच्या गुऱ्हाळातल्या गुळव्याचं ज्ञान मांडायचंय. मला पण व्हिझीरूलच लागेल का?
— कागलची वाचक

उत्तर: नको ताई. तुला सल्ला देणारी सिस्टीम करायची नाही, समजावून सांगायचंय. त्याला कॉन्सेप्ट मॅप, कॉर्नेलच्या जोसेफ नोव्हाक यांनी ७० च्या दशकात काढलेली पद्धत, आणि सीमॅप टूल्स फुकट मिळतं. फरक एवढाच की इथं बाणावर शब्द लिहायचा: भेंडीचं पाणी — वर आणतं — मळी. काहिल उतरवायची वेळ मात्र नियम म्हणून लिही, कारण गुळव्या पाक गार पाण्यात टाकून गोळी बघतो आणि थर्मामीटर तेव्हा साधारण ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास दाखवतो, दोन्ही लिही. आणि चुलवाणाजवळ लॅपटॉप नेऊ नकोस, माझा गेलाय एकदा.