हे 'सर' शाळेतले नव्हेत

प्रिय मनू,

काल फोनवर आजोबा शिवाजी महाराजांची गोष्ट रंगवून सांगत होते आणि तू मध्येच विचारलंस, "सरनौबत म्हणजे कुठले सर?" आजोबा इतके हसले की उत्तर राहूनच गेलं. आज मला यायला उशीर होईल, म्हणून लिहून ठेवतेय.

फारसीत 'सर' म्हणजे डोकं. त्यावरून सगळ्यांच्या वरचा, मुख्य. सरपंच, सरचिटणीस हे त्यातलेच. 'नौबत' म्हणजे मुळात पाळी, पहारा. ठरल्या वेळी झडणाऱ्या मोठ्या नगाऱ्यालाही तेच नाव पडलं. तुझा पसारा बघून "हात जोडायची नौबत आली" म्हणते ना मी, तीच ही नौबत.

सरनौबत म्हणजे फौजेचा मुख्य. महाराजांच्या फौजेत घोडदळाचा सरनौबत वेगळा, पायदळाचा वेगळा. नेताजी पालकर घोडदळाचे, येसाजी कंक पायदळाचे. घोडदळाची उतरंड अशी: २५ स्वारांवर हवालदार, ५ हवालदारांवर जुमलेदार, १० जुमलेदारांवर हजारी, ५ हजारींवर पंचहजारी आणि त्या सगळ्यांवर सरनौबत. गुणाकार करून बघ. हजारीच्या हाताखाली १२५० स्वार निघतात, नावाला मात्र हजारीच! शिवाय गडावरही हवालदार आणि हिशेब लिहिणाऱ्या सबनिसांच्या जोडीला एक सरनौबत असे. तो त्या गडापुरता. त्यामुळे गोष्टीत सरनौबत आला की आधी विचारायचं, कशाचा?

१६७४ मध्ये राज्याभिषेक झाला, तेव्हा दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले गेले. त्यासाठी 'राज्यव्यवहारकोश' नावाचा कोशच करवून घेतला. सरनौबताचा झाला सेनापती, आणि अष्टप्रधानांत ते पद हंबीरराव मोहित्यांकडे होतं. पण भाषा कुणाचं ऐकते? आपण आज सर्रास म्हणतो 'सरसेनापती'. पुढे फारसी, मागे संस्कृत! कोश करणाऱ्यांनी कपाळावर हात मारला असता. मला मात्र हा जोडशब्द भारी आवडतो. सरन्यायाधीशही त्याच घडणीचा.

पद गेलं तरी आडनाव राहिलं. कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवणारी, तिचा व्हिडिओ तू परवा तीनदा मागे नेऊन पाहिलास. आडनाव वाचलंच नव्हतंस ना?

तुझी,
आई