वाचकांचे प्रश्न : जुना इक्वेशन एडिटर परत बसवू का?

प्रश्न : मी गणित शिकवते. १५-२० वर्षांच्या प्रश्नपत्रिका वर्डमध्ये जपून ठेवल्या आहेत. त्यांतली समीकरणं दिसतात, छापताही येतात. पण बदल करायला डबल-क्लिक केलं की ‘मायक्रोसॉफ्ट इक्वेशन उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. एका सहकाऱ्याने जुन्या संगणकावरून मायक्रोसॉफ्टने काढून टाकलेल्या इक्वेशन एडिटरची, म्हणजे वर्डमध्ये समीकरणं लिहायच्या जुन्या प्रोग्रामची, फाइल आणून दिली आहे. ती ठरावीक फोल्डरमध्ये टाकायची, सोबतच्या दुसऱ्या फाइलवर डबल-क्लिक करायचं, की झालं. मॅक्रो (दस्तऐवजात ठेवलेले छोटे प्रोग्राम) मी कायम बंद ठेवते, अँटिव्हायरस आहे आणि समीकरणं माझीच आहेत. मग धोका कसला? आणि यापुढे इतरांकडून फक्त पीडीएफ मागवली तर चालेल का?
— एक शिक्षिका

उत्तर : मॅडम, ती फाइल बसवू नका. बसवून झाली असेल तर आजच काढा. तुमची अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहेत, ते शेवटी देते. पण आधी कारण समजून घ्या, कारण ‘मॅक्रो बंद आहेत, म्हणजे काळजी नाही’ या समजाला याच फाइलने सुरुंग लावला.

ईक्यूएनईडीटी३२.ईएक्सई हे तिचं नाव. डिझाइन सायन्स या कंपनीने लिहिलेला हा छोटा प्रोग्राम २००० साली तयार झाला. ऑफिस २००७ मध्ये समीकरणांची नवी सोय आली, तरी जुने दस्तऐवज उघडावेत म्हणून हा तसाच राहू दिला गेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये एम्बेडी या संस्थेच्या संशोधकांनी त्यातला दोष जाहीर केला. सुरक्षादोषांच्या सार्वजनिक यादीत त्याचा क्रमांक सीव्हीई-२०१७-११८८२.

दोष अगदी साधा होता. समीकरणात कोणता फॉन्ट वापरलाय त्याचं नाव फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ते वाचताना प्रोग्राम मेमरीच्या स्टॅक नावाच्या, तात्पुरत्या कामाच्या भागात ठरावीक लांबीची जागा राखून ठेवतो आणि नाव तिथे उतरवून घेतो. नाव त्या जागेत मावतंय का, हे मात्र तो तपासत नाही. त्याच जागेच्या पुढे, काम संपल्यावर प्रोग्रामने कुठे परतायचं तो पत्ता असतो. नाव मुद्दाम लांब दिलं की जास्तीची अक्षरं त्या पत्त्यावर जाऊन बसतात. काम संपतं, आणि प्रोसेसर फाइल बनवणाऱ्याने लिहिलेल्या पत्त्यावर जातो. यात मॅक्रोचा कुठेही संबंध येत नाही. ‘चालवू का?’ असं विचारणारी खिडकीही येत नाही.

आजच्या प्रोग्राममध्ये अशी चूक राहिली तरी हल्लेखोराचं काम अवघड असतं, कारण कोड दर वेळी मेमरीत वेगळ्या ठिकाणी ठेवला जातो. या जुन्या प्रोग्रामला ते संरक्षण नव्हतं. त्याचा कोड नेहमी त्याच पत्त्यावर. त्यात विंडोजला ‘हा प्रोग्राम चालव’ असं सांगणारी विनएक्झेक ही हाकही आयती होती. परतीच्या पत्त्याच्या जागी तिचा पत्ता लिहिला की काम फत्ते. शिवाय हा प्रोग्राम वर्डच्या बाहेर, स्वतंत्रपणे चालायचा, त्यामुळे वर्डची स्वतःची कवचं त्याला लागू होत नव्हती.

संशयास्पद दस्तऐवज तपासणं हे माझं रोजचं काम. या प्रकारची आरटीएफ (वर्डमध्ये उघडणारा एक दस्तऐवज-प्रकार) फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली की वर चार ओळी निरुपद्रवी मजकूर आणि खाली आकड्या-अक्षरांची लांबच लांब भिंत. त्या भिंतीत मी आधी ४५ ७१ ७५ ६१ ७४ शोधते. संगणकाच्या सांकेतिक आकड्यांत ‘इक्वेशन’ या इंग्रजी शब्दाची ती पहिली पाच अक्षरं. जवळपास ‘ऑब्जअपडेट’ ही खूण असली तर माझा संशय पक्का होतो : समीकरणावर क्लिक न करताच, दस्तऐवज उघडताक्षणी जुना एडिटर जागा व्हावा म्हणून ती घातलेली असते. म्हणूनच बाहेरून आलेल्या फाइलवर वर्ड जी पिवळी पट्टी दाखवतं, तिच्यातलं ‘एनेबल एडिटिंग’ सवयीने दाबू नका. नुसतं वाचायचं असेल तर ते दाबायची गरजच नसते.

‘समीकरणं माझीच आहेत’ हे खरं, पण एडिटर एकदा संगणकात नोंदवला गेला की तो तुमचं समीकरण आणि परक्याचं असा भेद करत नाही. उद्या ‘परीक्षेबाबत अर्ज’ नावाची फाइल आली तर तीही त्यालाच हाक मारेल. अँटिव्हायरस ओळखीचे नमुने पकडतो; आकड्यांच्या भिंतीची रचना थोडी बदलली की काही वेळा चुकतो. दुरुस्ती येऊन अडीच वर्षं झाल्यावरही, मे २०२० मध्ये, अमेरिकेच्या सीआयएसए (सायबर सुरक्षा पाहणारी) आणि एफबीआय या यंत्रणांनी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या दहा दोषांची यादी दिली, तेव्हा हा दोष त्यात होता.

मायक्रोसॉफ्टने आधी दुरुस्ती करून पाहिली होती. सॉफ्टवेअरमधल्या दोषांवर छोट्या दुरुस्त्या पुरवणाऱ्या ०पॅचच्या तपासकांनी ती बारकाईने पाहिली आणि निष्कर्ष काढला, की मूळ सोर्स कोडला (प्रोग्रामरने लिहिलेल्या मजकुराला) हात न लावता तयार प्रोग्राममध्येच थेट फेरफार केलाय. काही आठवड्यांत त्याच प्रोग्रामात दुसरा दोष निघाला आणि जानेवारी २०१८ मध्ये तो पूर्णपणे काढून टाकला गेला. माझ्या मते तोच निर्णय योग्य होता. तुमच्यासारख्यांची त्यात गैरसोय झाली, हेही तितकंच खरं.

पीडीएफबद्दल : पीडीएफ वाचणारा प्रोग्रामही फाइलमधल्या आकड्यांवर विसंबून मेमरी वाटत असतो. २०२१ मध्ये सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने उघडकीस आणलेल्या फोर्स्डएन्ट्री हल्ल्यात जीआयएफ या चित्रप्रकाराचं नाव लावलेली पीडीएफ आयफोनवर पाठवली जात होती. जेबिग२ या प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या कोडमध्ये चूक होती आणि समोरच्याने काही दाबायचीही गरज नव्हती. तेव्हा पीडीएफ जरूर मागवा, पण रीडर अद्ययावत ठेवा.

आता उपाय. सगळ्या प्रश्नपत्रिकांची आधी वेगळी प्रत काढा. मायक्रोसॉफ्ट ३६५ चं अलीकडचं वर्ड असेल तर जुन्या समीकरणावर डबल-क्लिक केल्यावर ते नव्या ऑफिस मॅथ स्वरूपात बदलायचं का, असं विचारतं, हो म्हणा. ते नसेल तर लिबरऑफिस विनामूल्य आहे आणि जुनी समीकरणं स्वतःच्या मॅथ स्वरूपात घेतं. मॅथटाइप जुन्या इक्वेशन एडिटरच्याच घराण्यातलं, जुनी समीकरणं ते उत्तम हाताळतं, पण पैसे मोजावे लागतात. सगळ्या प्रश्नपत्रिका एकदम बदलू नका. यंदा लागणाऱ्या आधी घ्या आणि प्रत्येक समीकरण छापील प्रतीशी ताडून पाहा, कारण निश्चयक आणि घातांकांमधली अंतरं कधीकधी हलतात. आणि ती फाइल तुमच्या सहकाऱ्याच्या चालू संगणकावरही असेल, तर त्यांनाही काढायला सांगा.