आजोबांच्या जिलेट रेझरवर ‘पेटंट १५ नोव्हेंबर १९०४’ असं कोरलंय. तो खरंच १९०४ चा असेल का?

असू शकतो, पण शक्यता फार कमी. ती तारीख रेझर घडवल्याची नाही, पेटंट मिळाल्याची आहे. किंग कॅम्प जिलेटने अर्ज केला डिसेंबर १९०१ मध्ये आणि अमेरिकेचं पेटंट मिळालं १५ नोव्हेंबर १९०४ ला. पुढे वर्षानुवर्षं कंपनी हीच तारीख ठोकत राहिली, कारण नक्कल करणाऱ्याकडून भरपाई मागायची तर मालावर पेटंटची खूण असणं सोयीचं होतं. १९०३ मध्ये जिलेटचे अवघे ५१ रेझर खपले होते. १९१८ मध्ये एकट्या अमेरिकी सैन्याने ३५ लाख घेतले. आता तुमचा कुठल्या काळातला असेल, तुम्हीच सांगा.

थोडक्यात, तारखेवरून ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच कळतं. कुठवरचा, ते इतर खुणांवरून काढायचं. तेव्हाचं पेटंट १७ वर्षं चालायचं, म्हणजे हे १९२१ च्या नोव्हेंबरात संपणार होतं. संपलं की नकलांचा पूर येणार, हे ओळखून कंपनीने त्याच वर्षी ‘न्यू इम्प्रूव्हड’ काढला. त्यावर १३ जानेवारी १९२० ही वेगळी पेटंट-तारीख सापडते. किंमत ५ डॉलर. गंमत अशी की जुना साचाही बंद केला नाही; ‘ब्राउनी’ या नावाने तो १ डॉलरला विकायला लागले. त्यामुळे जुन्या साच्याचा रेझर १९२१ नंतरचाही निघू शकतो. विकणारे हे सहसा सांगत नाहीत.

अनुक्रमांकही बघा. नुसते आकडे असतील तर बहुधा सुरुवातीच्या वर्षांतला, सोबत अक्षर असेल तर नंतरचा.

तारखेऐवजी पेटंट क्रमांक असेल तर तोही एक पुरावाच. अमेरिकेत १९२७ मध्ये कायदा बदलला आणि नव्या पेटंटांसाठी तारखेच्या जागी क्रमांक छापायची पद्धत आली. कोणत्या वर्षाची सुरुवात कुठल्या क्रमांकाने झाली याचे तक्ते मिळतात: १९३० ची १७,४२,१८१ पासून, १९३४ ची १९,४१,४४९ पासून. मात्र तीसच्या दशकातल्या जिलेटवर १७५६७ हा आकडा दिसला तर दचकू नका. साध्या तक्त्यात तो १८५७ चा निघेल, तेव्हा तर जिलेट लहान मूल होता! हा ‘रीइश्यू’ म्हणजे दुरुस्त करून पुन्हा दिलेल्या पेटंटांच्या वेगळ्या मालिकेतला आहे, १९३० चा. अनेक क्रमांक असतील तर सर्वांत नवा धरायचा.

१९५१ नंतरच्या अमेरिकी जिलेटना ही खटपट लागत नाही. त्यांच्यावर अक्षर आणि आकडा असा संकेत असतो: डब्ल्यू म्हणजे १९५१, ए म्हणजे १९५५, आणि पुढचा आकडा वर्षाच्या तिमाहीचा. ए-२ म्हणजे १९५५ ची दुसरी तिमाही.

आणि एकदा खाली ‘मेड इन इंग्लंड’ लिहिलंय का तेही बघा. ब्रिटिश पेटंटांचे क्रमांक स्वतंत्र असतात; ते अमेरिकी तक्त्यात शोधत बसलात तर भलतंच वर्ष हाती येईल.