करूळ घाटातील लाल फुलांचे झुडूप कोणते, आणि ते कोल्हापुरात कुंडीत वाढेल का?

फेब्रुवारीत गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना कडेच्या उतारांवर पुरुषभर उंचीची, फांद्या लाल फुलांनी लगडलेली झुडपे दिसली, असे आपण लिहिले आहे. वर्णन, जागा आणि महिना पाहता ती धायटी असावी. काही भागांत तिला धावशी म्हणतात. वैद्यकातील धातकी ती हीच. शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा आणि कुळ मेंदीचे.

ओळख पक्की करायची असेल, तर एक फूल जवळून पाहावे आणि त्यात पाकळ्या शोधाव्यात. लांबून जे लाल दिसते ती पाकळी नसतेच. ती निदलपुंजाची, म्हणजे कळीच्या बाहेरच्या वेष्टणाची, सेंटीमीटरभर लांबीची, किंचित वाकलेली नळी असते. तिच्या काठावर सहा पाकळ्या असतात खऱ्या, पण त्या इतक्या चिमुकल्या की मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाहीत. नळीतून बाहेर डोकावतात ते बारा लांब पुंकेसर. पाकळ्या गळल्या तरी ही नळी फळाला वेढून तशीच राहते आणि त्यामुळे बहर प्रत्यक्षाहून अधिक दिवस टिकल्यासारखा वाटतो. फुलांचे झुबके केवळ शेंड्याला न येता फांदीच्या लांबीभर, पानांच्या बेचक्यांतून येतात. पाने समोरासमोर, जवळजवळ बिनदेठाची असतात आणि पान उलटल्यास फिकट, लवदार पाठीवर बारीक काळसर ठिपके दिसतात. फुलांत मध भरपूर असल्याने बहरलेल्या झुडपावर शिंजीर हे मध पिणारे चिमुकले पक्षी हमखास आढळतात. तांबड्या फुलांमुळे मुरुडशेंगेशी गल्लत होऊ शकते. मात्र तिची पाने रुंद व खरखरीत असतात आणि शेंगा पिळलेल्या दोरासारख्या, त्यामुळे शंका उरत नाही.

या फुलांशी आपला परिचय बहुधा आधीच झालेला असेल, कारण दशमूलारिष्टासारख्या औषधांच्या बाटलीवर घटकांमध्ये धातकीपुष्प लिहिलेले असते. आसव-अरिष्टे, म्हणजे आंबवून केलेली आयुर्वेदिक औषधे, करताना काढ्यात गूळ आणि धायटीची वाळलेली फुले घालून भांडे बंद ठेवतात. फुलांवरील नैसर्गिक किण्वामुळे (यीस्टमुळे) गूळ आंबू लागतो आणि मद्यार्क औषधातच तयार होतो. फुलांत टॅनिन हे तुरट द्रव्यही पुष्कळ असते, त्यामुळे कापड रंगवण्यासाठीही ती वापरली जात. फुले आणून घरी अरिष्ट करण्याचा मोह मात्र टाळावा. ते जाणकार वैद्याचे काम आहे.

आता कुंडीविषयी. धायटी जगेल, पण माझ्या मते तिची शोभा कुंडीत नाही. तिच्या लांब, कमानदार फांद्यांना पसरायला जागा लागते आणि दिवसभर ऊन लागते. त्यामुळे अंगणाची कड किंवा शेताचा बांध तिला अधिक मानवेल. जांभा दगडाच्या मुरमाड, हलक्या जमिनीत ती सहज वाढते. ऊसपट्ट्यातील काळ्या जमिनीत लावायची असल्यास उंचवटा करून, मुरूम मिसळून, पाणी साचणार नाही अशी जागा निवडावी. बी अतिशय बारीक असते, म्हणून ते खोल न पेरता ओलसर मातीवर भुरभुरावे.

जंगलातून रोप उपटून आणू नये. राधानगरी-दाजीपूरसारख्या अभयारण्यात तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वनस्पती तोडणे वा उपटणे हा गुन्हाच आहे. पावसाळ्याच्या तोंडावर वनविभागाच्या किंवा देशी झाडांच्या रोपवाटिकेत धायटी या नावाने चौकशी करावी, आणि विकत घेण्यापूर्वी पान उलटून ते काळसर ठिपके तेवढे पाहून घ्यावेत.