पौर्णिमेचा चंद्र रंगवायला बसताना
अरे, त्यासाठी संध्याकाळी मरीन ड्राइव्हला जाऊ नकोस, तिथे समोर सूर्य मावळत असतो. पौर्णिमेचा चंद्र त्याच सुमारास पूर्वेला उगवतो, म्हणून गेटवेला जा. बंदराच्या पाण्यावर तो आधी तांबूस, मग पिवळट दिसतो आणि वर चढला की पांढरा होतो. तेवढा वेळ नुसता बघ, ब्रश उचलू नकोस. जलरंगात चंद्राला पांढरा रंग लावायचा नाही, कागदच कोरा सोडायचा. आणि आकार! सगळे ताटाएवढा काढतात. हात लांब करून करंगळीचं नख समोर धर, अख्खा चंद्र त्यामागे झाकला जातो. पाण्यातली उजेडाची पट्टी मात्र जीव लावून कर. लाँच गेली की ती तुटते, थरथरते, पुन्हा जुळते. इतकी वर्षं बघतोय, तरी दरवेळी हात थांबतो माझा. कोजागिरीला ये, मसाला दूध मी आणतो.