धनकोंच्या आपसांतील वादाचा खर्च कोणाच्या वाट्यातून?

आपण लिहिता की, ज्या गृहस्थांना आपण 5 लाख रुपये उसने दिले होते ते वारले असून त्यांच्या मागे 12 लाखांची मालमत्ता आणि 20 लाखांची देणी आहेत. एका धनकोने (पैसे येणे असलेल्याने) सर्वांच्या वतीने मालमत्तेच्या व्यवस्थापनाचा, म्हणजे न्यायालयामार्फत मालमत्तेतून देणी भागवण्याचा, दावा लावला आहे. त्यात 10 लाख येणे असलेले दुसरे धनको, स्वतःची वचनचिठ्ठी (कर्ज फेडण्याचे लेखी वचन) सर्वांत जुनी म्हणून स्वतःचे पैसे आधी चुकते व्हावेत आणि स्वतःच्या वकिलाचा खर्चही मालमत्तेतूनच मिळावा, अशी मागणी करीत आहेत. हरकत घेऊन जिंकलो तरी खर्च आपल्याच वाट्यातून जाईल काय, असे आपण विचारता.

चिठ्ठी जुनी असणे हा अग्रहक्क नव्हे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 प्रमाणे अंत्यविधी व अखेरच्या आजारपणाचा वाजवी खर्च, मग व्यवस्थापनाचा खर्च आणि मृत्यूपूर्वीच्या 3 महिन्यांतील मजूर-नोकरांचे वेतन दिल्यावर, कलम 323 नुसार बाकीच्या धनकोंना प्रमाणशीर रक्कम मिळते. तारण घेतलेल्याची गोष्ट वेगळी; आपले प्रतिस्पर्धी तसे म्हणत नाहीत. वरचे खर्च बाजूला ठेवले तर रुपयामागे 60 पैसे, म्हणजे आपल्याला 3 लाख मिळतील. त्यांचे म्हणणे मान्य झाले, तर त्यांचे 10 लाख गेल्यावर उरलेल्या 2 लाखांतून आपल्या हाती जेमतेम 1 लाख पडेल. तेव्हा हरकत घ्यावीच.

खर्चाबाबत मात्र सावध राहायला हवे. कलम 321 मालमत्तेच्या व्यवस्थापनासाठी आवश्यक असलेल्या न्यायालयीन कामकाजाच्या खर्चाला अग्रक्रम देते. मूळ दावा सर्वांच्या हिताचा असल्याने त्याचा खर्च त्यात बसवता येतो. पण एका धनकोने दुसऱ्याला मागे सारण्यासाठी केलेला झगडा केवळ त्याच दाव्यात झाला म्हणून व्यवस्थापनाचा भाग ठरतो, असे मला वाटत नाही. असा 1 लाखाचा खर्च मालमत्तेतून गेला, तर वाटप रुपयामागे 55 पैशांवर येईल आणि आपले 25 हजार रुपये विनाकारण कमी होतील.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35 खाली खर्च कोणी, कोणत्या मालमत्तेतून आणि किती द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. सामान्यतः हरणाऱ्याने तो सोसावा आणि तसे करायचे नसेल तर न्यायालयाने कारणे लेखी नोंदवावीत, असा नियम आहे. म्हणून आपल्या लेखी हरकतीतच दोन गोष्टी स्वतंत्रपणे मागाव्यात: अग्रहक्काच्या वादाचा खर्च मूळ दाव्याच्या खर्चापासून वेगळा दाखवावा, आणि तो प्रतिस्पर्ध्याने व्यक्तिशः द्यावा किंवा त्याच्या वाट्यातून वळता करावा. ही मागणी अंतिम हुकूमनाम्यापूर्वीच करा, कारण केवळ खर्चाच्या मुद्द्यावर अपील सहसा टिकत नाही.

खर्च मंजूर झाला म्हणजे वकिलाला दिलेली सगळी फी परत येते, असेही समजू नये. न्यायालयाच्या खर्चाच्या तक्त्यात बसणारी रक्कम प्रत्यक्ष खर्चापेक्षा बरीच कमी असते, आणि खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल कलम 35-अ खाली मिळणारी भरपाई तर 3,000 रुपयांपुढे जात नाही. प्रतिस्पर्धी प्रमाणशीर वाटपाला राजी झाले, तर ज्याने-त्याने आपापला खर्च सोसण्याच्या अटीवर तडजोड लेखी करून न्यायालयात दाखल करायला माझी हरकत नसेल.