ठाण्यात राहून बातमीदार व्हायचं असेल, तर बारावीनंतर लगेच बीएएमएमसी (मल्टिमीडिया आणि जनसंवादाची पदवी) करावं का?

नाही, वृत्तपत्रातली बातमीदारी करायची असेल तर आधी अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा कायद्याची पदवी घ्या आणि पत्रकारिता पदव्युत्तर पातळीवर शिका. मी शहर-पानाच्या बातम्या तपासतो, त्यावरून सांगतो: मथळा, पहिला परिच्छेद, प्रतिक्रिया कशी घ्यायची हे नवी मुलं काम करता करता उचलतात, महापालिकेचा अर्थसंकल्प किंवा न्यायालयाचा आदेश वाचणं मात्र इतक्या लवकर जमत नाही, आणि ठाणे-नवी मुंबईतली खरी बातमी बहुतेकदा तिथेच दडलेली असते. मुंबई विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग मुंबईतच आहे, ठाण्याहून रोज जाऊन-येऊन करता येतं. कॅमेरा, व्हिडिओ संकलन किंवा जाहिरात यांची ओढ असेल तर मात्र बीएएमएमसी (पूर्वीचं बीएमएम) योग्यच. फक्त प्रवेशाआधी तिथल्या मुलांना विचारा, स्टुडिओ त्यांना प्रत्यक्ष वापरायला मिळतो का. कुठलीही पदवी घ्या, पण ती चालू असतानाच ठाणे न्यायालयातल्या खुल्या सुनावण्या ऐका, आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपल्या प्रभागातल्या एखाद्या रस्त्याच्या किंवा नाल्याच्या कामाची कागदपत्रं मागवा. मिळालेल्या कागदांवर ३०० शब्दांची बातमी लिहून पाहा. मुलाखतीत दाखवायला ती गुणपत्रिकेपेक्षा जास्त कामाची.